सीरियातील रोमन ठाणी : एका सरहद्द-रेषेची चिकित्सा

रोमन साम्राज्याच्या पूर्व सरहद्दीचा विचार दीर्घकाळ एका ग्रंथाच्या आधारे होत आला. फ्रेंच जेझुइट पाद्री आंत्वान प्वादबार यांनी १९२५ ते १९३२ या काळात सीरियाच्या वाळवंटाची विमानातून पाहणी केली व १९३४ मध्ये तिचे फलित ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तिरप्या उन्हात जमिनीवरील अल्पशा उंचवट्याचीही सावली लांब पडते. या तत्त्वाचा उपयोग करून त्यांनी ११६ ठाणी आणि त्यांना जोडणारे रस्ते नोंदविले. ही ठाणी उत्तर-दक्षिण रेषेत असून पर्शियन आक्रमणे व भटक्या टोळ्यांचे छापे थोपविण्यासाठी ती उभारली गेली, अशी त्यांची उपपत्ती होती.

या उपपत्तीला मोठा धक्का २०२३ मध्ये बसला. जेसी कसाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतयुद्धकाळातील अमेरिकन हेर-उपग्रहांची छायाचित्रे तपासून पूर्वी अज्ञात असलेली ३९६ ठाणी दाखवून दिली. ती एका रेषेत नसून मोसुलपासून अलेप्पोपर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली आहेत. प्वादबार यांची रेषा ही बहुतांशी त्यांच्या पाहणीच्या मार्गाची रेषा होती, हे यावरून ध्यानात येते. जेथे शोध घेतला तेथेच पुरावा सापडला, आणि जेथे तो सापडला तेथेच सरहद्द मानली गेली. ठाणी ही अडवणुकीची भिंत नसून व्यापार व दळणवळण यांना संरक्षण देणारी मालिका असावी, असे कसाना यांचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा खंडनात्मक भाग जितका भक्कम आहे, तितका मंडनात्मक भाग नाही. बहुसंख्य ठाण्यांचा काळ उत्खननाने नव्हे, तर आकारसाम्यावरून ठरविलेला आहे. चौरस तटबंदी व बुरूज ही केवळ रोमन बांधकामाची खूण नव्हे; सीरियातील कस्र अल्-हैर हे उमय्या राजवटीतील आठव्या शतकाचे वाडेही याच धाटणीचे आहेत. शिवाय दुसऱ्या ते सहाव्या शतकांतील ठाणी एकाच नकाशावर मांडली, म्हणजे ती एकाच वेळी नांदत होती असा भास होतो. प्रत्यक्षात सरहद्द स्थिर नव्हती. दूरा-युरोपोस इसवी सन २५६ च्या सुमारास सासानी सैन्याच्या हाती पडले. ३६३ मध्ये सम्राट जोव्हियनला निसिबिस पर्शियनांना द्यावे लागले. अशा घटनांनंतर एकाच रस्त्यावरील ठाण्याचे प्रयोजन पालटणे स्वाभाविक होते. ज्या वाटेने तांडे जात, त्याच वाटेने सैन्यही जाई; तेव्हा पूर्व-पश्चिम मांडणी एवढ्यावरून शांततामय व्यापार सिद्ध होत नाही.

याउलट, पाल्मिरामार्गे युफ्रेटिसकडे जाणाऱ्या ‘स्त्राता दिओक्लेतियाना’ या रस्त्याविषयी अधिक निश्चयाने बोलता येते, कारण त्यावरील मैलाच्या दगडांवर लेख आहेत. छायाचित्र स्थान सांगते. काळ सांगण्यास कोरीव लेख, नाणी व खापरेच लागतात.

मात्र तो पुरावा मिळविण्याची संधी आक्रसत आहे. नांगरट व वाढती वस्ती यांनी अनेक स्थळे पुसली गेली. १९७० नंतरच्या दशकात तब्का धरणाच्या जलाशयाने युफ्रेटिसचे खोरे व्यापले. कित्येक ठाणी आज केवळ जुन्या छायाचित्रांतच उरली आहेत. म्हणून प्वादबार यांची उपपत्ती त्याज्य ठरली, तरी त्यांच्या नोंदींचे मोल कमी होत नाही. एका रेषेच्या जागी दुसरी रेषा आखण्याची घाई न करता, उरलेल्या स्थळांपैकी निवडक ठाण्यांचा काळ उत्खननाने निश्चित करणे, हेच या संशोधनाचे पुढील कार्य होय.