उदगीरची लढाई आणि सरहद्दीचें दप्तर

पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांची जी ४५ भागांची माला मुंबई सरकारनें प्रसिद्ध केली, तिचा पहिलाच भाग उदगीरच्या लढाईचा आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेला हा भाग १९३० सालीं निघाला. लातूर जिल्ह्यांतील एका कसब्याचें नांव एवढ्या थोर मालेच्या आरंभीं यावें, याचा मराठवाड्यांतील वाचकास अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु तो भाग वाचून खालीं ठेवतांना त्याच वाचकास थोडी हुरहुरही लागते. तिचें कारण शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु.

संपादकांच्या श्रमांविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. हजारों रुमालांतून मोडी कागद निवडणें, आणि ज्या पत्रांवर नुसता मुसलमानी महिन्याचा चंद्र आहे व वर्ष नाहीं अशांचा काळ ठरविणें, हें काम ज्यानें कधीं केलें आहे त्यासच त्याची किंमत कळेल. या मोहिमेचा क्रमही आतां स्पष्ट झाला आहे. १७५९ च्या उत्तरार्धांत अहमदनगरचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून भाऊसाहेबांकडे आला. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं निर्णय लागला. आणि ६० लक्षांचा मुलूख पेशव्यांस मिळाला. पुढच्या वर्षींच्या पानिपतानें या यशावर अशी छाया पाडली कीं, आमच्या शाळेंतील पुस्तकांत उदगीरला एका ओळीपलीकडे जागा उरली नाहीं.

लढाई उदगीरच्या तटाखालीं झाली असा सामान्य समज आहे. वस्तुतः निजामअल्ली व सलाबतजंग यांची फौज उदगीराहून निघून औशाच्या वाटेनें धारूर गांठूं पाहत होती, आणि मराठी घोडदळ तिला चालतांचालतां घेरीत होतें. म्हणजे ही एका मैदानाची नव्हे, एका वाटेची लढाई. त्या वाटेवर गांवें होतीं, आणि हंगाम सुगीचा होता. या गांवांचें काय झालें, हें जेत्यांच्या छावणींतला कारकून कशाला लिहील? त्याला दाणावैरण मिळाली कीं नाहीं एवढ्याशीं कर्तव्य. हा दोष संपादकांचा नव्हे, दप्तराचा आहे. पण दप्तराचा दोष दाखविणें हें संपादकांचें काम आहे, असें आम्हांस वाटतें.

कारण हा मुलूख त्या दिवशीं प्रथमच सरहद्द झाला असें नाहीं. कंधारचा किल्ला मोगलांनीं १६३१ त घेतला. उदगीर व औसा १६३६ त पडले. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांची चौथाई व सरदेशमुखी बसली, आणि १७२४ नंतर तेथेंच निजामाची सत्ता स्थिरावली. एकाच शेताच्या दारीं दोन कमाविसदार! दुअंमल हा शब्द आज आपण सहज उच्चारतों. ज्यानें तो दोन हातांनीं भरला त्याची बाजू कोणत्या रुमालांत शोधावी?

हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवानीनें १९५० सालीं शहाजहानच्या कारकीर्दीचे निवडक कागद छापले, आणि १९५३ त दक्षिणेंतील १६६० ते १६७१ पर्यंतचे वाके. दोन्हींचे संपादक युसुफ हुसेन. त्या फारसी दप्तरांत शिलेदारांच्या चेहरेपट्ट्या आहेत. स्वाराच्या तोंडावरचा व्रण व घोड्यावरचा डाग यांची नोंद त्यांत होई. स्वाराचा व्रण टिपणारी ही दक्षता रयतेच्या वांट्यास थोडीच आली. तरीही हा कागद पुण्याच्या कागदाशेजारीं ठेवल्यावांचून कंधार-उदगीरचा इतिहास एकडोळ्याच राहणार. फारसीचें दालन मराठींत खुलें करण्याचे कष्ट सेतुमाधवराव पगडी यांनीं घेतले. ते निलंग्याचेच होते, हें लातूरकरांनीं लक्षांत ठेवावें.

अडचण अशी कीं, या प्रांताचा जुना कागद प्रांतांत नाहीं. मोडी पुण्यास, फारसी व उर्दू हैदराबादेस. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, पण दिवाणीचें दप्तर मागेंच राहिलें, आणि तें आज तेलंगणाकडे आहे. नांदेडच्या अभ्यासकास आपल्याच कंधारासाठीं तीन लिपि आणि दोन परगांवें करावीं लागतात. उरले ते देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतील खाजगी रुमाल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें औसा तालुक्यांतील दगडमातीच्या भिंती कशा बसल्या, हें सर्वांनीं पाहिलें आहे. माळ्यावरचा रुमाल त्याच्या भिंतीहून अधिक टिकत नाहीं.

उदगीरच्या या भागाची नवी मराठी आवृत्ति कोणी काढील, तर तींत उदगीर, औसा, धारूर यांमधील मुक्कामांचा नकाशा असावा, फारसी कागदांचे उतारे मराठी पत्रांच्या समोर यावेत, आणि वाटेवरच्या वतनदारांच्या घरीं जें कांहीं उरलें असेल तें पुरवणींत छापावें. मग ती पुरवणी दहा पानांची झाली तरी आम्हीं ती आधीं वाचूं.