अमेरिकेच्या स्वातंत्र्यपत्रांतील गाळलेला परिच्छेद

जुन्या पोथ्या व कागद तपासतांना पाठलोपाचे दोन प्रकार मानावे लागतात. एक लेखकप्रमादानें होणारा व दुसरा बुद्धिपुरस्सर केलेला. पहिल्यावरून लेखकाची डुलकी कळते, तर दुसऱ्यावरून पाठ काढणारांचें मन कळतें. दुसऱ्या प्रकाराचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या १७७६ च्या स्वातंत्र्यपत्रांत आहे. सर्व मनुष्यें समान आहेत असें सांगणारें हें पत्र आणि त्यानंतर ८९ वर्षें त्याच राष्ट्रांत कायद्यानें टिकलेली गुलामगिरी, यांची संगति कशी लावावी हा वाद जुना आहे. कोणी त्या तत्त्वांस निव्वळ ढोंग म्हणतात, तर कोणी आचरणास केवळ विलंब झाला असें म्हणून समाधान मानतात. या दोन्ही पक्षांनीं मूळ कागदांकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम साधनांचा विचार करूं. चर्मपत्रावर उतरलेली सहीची प्रत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहे. संशोधकास तीहून मोलाचा वाटेल तो थॉमस जेफर्सन याच्या हातचा चार पृष्ठांचा खर्डा. तो त्याच शहरांतील काँग्रेसच्या ग्रंथालयांत असून त्यावर जॉन ॲडम्स व बेंजामिन फ्रँकलिन यांच्या हातच्या दुरुस्त्याही आहेत. २०१० सालीं विशेष छायाचित्रणानें तो तपासला असतां एके ठिकाणीं ‘नागरिक’ या अर्थाच्या शब्दाखालीं पुसलेला ‘प्रजाजन’ या अर्थाचा शब्द आढळला. ज्या लेखकानें एकेका शब्दाची अशी पारख केली, त्याच्या शब्दांचा अर्थ सैलपणें घेणें उचित नव्हे.

या खर्ड्यांत राजा तिसऱ्या जॉर्जवरील आरोपांच्या मालिकेंत गुलामांच्या व्यापारासंबंधीं एक लांब परिच्छेद होता. ज्यांनीं राजाचा कधीं अपराध केला नाहीं अशा दूरदेशींच्या लोकांस धरून नेणें म्हणजे मनुष्यस्वभावाविरुद्धच युद्ध करणें होय, असा त्याचा आशय आहे. जेथें माणसांच्या बाजाराचा उल्लेख येतो तेथें ‘माणसें’ हा शब्द जेफर्सननें मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. फिलाडेल्फियाच्या सभेनें हा परिच्छेद संपूर्ण काढून टाकला. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांच्या भिडेखातर तो गेला, आणि गुलामांची वाहतूक करणाऱ्या उत्तरेकडील बंधूंसही तो थोडा बोंचत होता, असें जेफर्सननें पुढें आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. तें वृत्त १८२९ सालीं गाळलेल्या मजकुरासह छापून प्रसिद्ध झालें.

हें साल महत्त्वाचें आहे. १८५७ सालीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत सरन्यायाधीश टॉनी यांनीं असा निर्णय दिला कीं, ‘सर्व मनुष्यें’ या पदांत आफ्रिकी वंशाचे लोक येत नाहींत. कारण ते येत असते तर पत्र रचणारांचें वर्तन वचनाशीं विसंगत ठरलें असतें. हा न्याय उलटा आहे. ‘सर्व’ शब्दाचा संकोच करावयाचा तर वाक्यांत बाधक प्रमाण दाखविलें पाहिजे. वक्त्याचें वर्तन हें तें प्रमाण नव्हे. येथें तर साधक प्रमाणच उपलब्ध होतें. त्याच लेखकानें त्याच खर्ड्यांत त्याच लोकांस ‘माणसें’ म्हटलें होतें, व तें छापून २८ वर्षें झालीं होतीं. राज्यघटना मान्य झाली त्या वेळीं पांच संस्थानांत स्वतंत्र आफ्रिकी पुरुषांस मताधिकार होता, हें न्यायमूर्ति कर्टिस यांनीं आपल्या विरुद्ध मतपत्रांत दाखविलेंच आहे.

तथापि यावरून जेफर्सन निर्दोष ठरत नाहीं. आयुष्यांत त्यानें सहाशेंहून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगिलीं. गाळलेल्या परिच्छेदाच्या अखेरीस, राजा आतां त्याच गुलामांस आमच्यावर शस्त्र धरावयास चिथावतो, अशी तक्रारही आहे. १७७५ सालीं लॉर्ड डनमोर यानें, बंडखोर धन्यांस सोडून राजाच्या पक्षानें लढणारांस मुक्ततेचें वचन दिलें होतें, त्याचा हा राग. नवल हें कीं, व्यापाराचा निषेध गेला, पण अंतर्गत बंडाळीची तक्रार संक्षेपानें अंतिम पत्रांत राहिली. १७८७ च्या राज्यघटनेंत तर ‘गुलाम’ हा शब्दच नाहीं. ‘इतर व्यक्ति’ अशा आडपडद्यानें त्यांची गणना पांचांस तीन या प्रमाणांत केली, आणि १८०८ पर्यंत त्यांच्या आयातीस बंदी करतां येणार नाहीं असें ठरविलें. शब्द टाळला म्हणजे लाज होती; पण व्यवस्था ठेवली म्हणजे लाजेहून लाभ मोठा होता.

वाक्याचा सरळ अर्थ खरोखर कोणीं घेतला? १७७७ च्या जानेवारींत प्रिन्स हॉल व त्याच्या सोबत्यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळास अर्ज करून स्वातंत्र्याचा अहरणीय हक्क मागितला. १७८१ सालीं एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीनें त्या संस्थानाच्या घटनेंतील समतेच्या कलमावर खटला जिंकून आपली सुटका करून घेतली. ज्यांस पदांतून वगळलें असें पुढें सांगण्यांत आलें, त्यांनींच त्या पदाचें खरें भाष्य केलें.

आपल्याकडेही या इतिहासाचा एक छापील धागा आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. त्या अर्पणानंतर २३ वर्षांनीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें वर्णभेदानुसार वेगळ्या डब्यांची व्यवस्था वैध ठरविली, व शाळांपुरतें तें तत्त्व रद्द होण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. म्हणून ती अर्पणपत्रिका व्यर्थ झाली असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें एका राष्ट्रास त्याच्या वचनाची ओळख दिली, इतकें खरें.

सारांश, तत्त्व ढोंग होतें असें म्हणणारांस खर्ड्यांतील तो मोठ्या अक्षरांचा शब्द दाखवावा, आणि केवळ विलंब झाला असें म्हणणारांस त्यावरील काट दाखवावी. अर्थ ठाऊक होता व जाणून टाकला, असें दोन्ही मिळून सिद्ध होतें. यास्तव हें पत्र जेथें जेथें छापलें जाईल तेथें गाळलेला परिच्छेदही शेजारीं छापावा, ही आमची सूचना आहे. पाठलोप दडविणारी आवृत्ति शुद्ध म्हणतां येत नाहीं.