स्मार्ट होमविषयक संशोधनातील एक भाषिक उणीव

'स्मार्ट होम' ही संज्ञा अमेरिकेतील घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये प्रचारात आणली. तेव्हापासूनच्या संशोधनात दोन टप्पे ठळकपणे दिसतात. पहिल्या टप्प्यात घराने रहिवाशाची सवय न सांगता ओळखावी, अशी अपेक्षा होती. कोलोरॅडो विद्यापीठातील मायकेल मोझर यांनी १९९० नंतरच्या दशकात आपल्या राहत्या घरातच हा प्रयोग केला. दिवे व उष्णता यांचे नियमन तेथे न्यूरल नेटवर्ककडे सोपविले होते. दुसरा टप्पा वाणीचा होय. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनचा 'एको' आला व घराशी बोलणे नित्याचे झाले. त्याबरोबर घरातील बोलणे म्हणजे एकाने आज्ञा करावी व यंत्राने ती पाळावी, हे गृहीतकही रूढ झाले.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर हे गृहीतक टिकणारे नाही. आजोबा 'फार उकडतंय' म्हणतात आणि नातू पंखा लावतो. वाक्य विधानार्थी, कार्य मात्र विनंतीचे. तेच वाक्य पाहुण्याशी बोलताना केवळ हवापाण्याची गोष्ट ठरते. सर्ल यांनी अशा अप्रत्यक्ष भाषिक कृतींची मीमांसा १९७५ मध्येच केली होती. परंतु उपकरणांच्या परीक्षणात आजही मुख्यतः शब्द किती चुकले एवढेच मोजले जाते.

या मोजणीतूनही विषमता लपत नाही. कोनेके व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पाच अमेरिकी कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणाली तपासल्या. श्वेतवर्णीय भाषकांच्या बाबतीत शंभर शब्दांमागे सरासरी १९, तर कृष्णवर्णीय भाषकांच्या बाबतीत ३५ चुका आढळल्या. एका इंग्रजीत ही स्थिती, तर दिवा 'मालव', 'घालव' आणि 'बंद कर' असे तिन्ही प्रयोग एकाच घरात नांदणाऱ्या मराठीसंबंधी निश्चिंत राहता येणार नाही.

ग्रेनोबल येथील 'स्वीट-होम' प्रकल्पाने सुसज्ज सदनिकेत फ्रेंच भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, हे कार्य मोलाचे आहे. मात्र तेथेही आज्ञांचे व्याकरण आधीच ठरविलेले होते. म्हणजे यंत्राने माणसाची भाषा शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राची भाषा शिकली. ज्याला ती जमत नाही, असा वृद्ध स्वतःच्याच घरात परका ठरतो. आणि वृद्धांची सोय हे तर या संशोधनाचे आवर्जून सांगितले जाणारे प्रयोजन आहे.

म्हणून घरातील सर्वांच्या संमतीने त्यांच्या स्वाभाविक संभाषणाचे संकलन करणे हे या क्षेत्रातील पहिले काम होय. ते अभियंत्यांनी एकट्याने करण्याजोगे नाही. भाषाभ्यासकांनीही ते आजवर आपले मानलेले नाही, हा दोष त्यांच्याही पदरी पडतो.