संशय कुणाला परवडतो? : ‘संशयकल्लोळ’मधील पात्रे

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’विषयी लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण फाल्गुनरावांपासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. ते स्वाभाविकही आहे. इतका रंगतदार संशयी नवरा मराठी रंगभूमीला दुसरा मिळालेला नाही. परंतु त्यामुळे एक समज रूढ झाला, की या नाटकातली सगळी माणसे एकाच रोगाने पछाडलेली आहेत : फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट आणि रेवती, चौघेही संशयी, चौघेही सारखेच हास्यास्पद. नाटकाच्या नावानेही तो समज पक्का केला. माझे म्हणणे असे, की हे चौघे एकाच मापाने मोजता येत नाहीत. एक तसबीर चौघांच्या हातांतून आणि डोळ्यांसमोरून फिरते, पण तिची किंमत प्रत्येकाला वेगळी मोजावी लागणार आहे. ही किंमत ध्यानात घेतली, की नाटकातल्या प्रेमकथेचा रंग बदलतो.

कथेचा सांगाडा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात, आणि नेमके तेवढेच कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखणारी बायको फाल्गुनरावांना दिसते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांकडे आहे असे अश्विनशेटला कळते आणि आपली खूण रेवतीने दुसऱ्याला दिली अशी त्याची खात्री होते.

हा सांगाडा देवलांचा नव्हे, हे त्यांनी कधी लपवले नाही. मोलिएरने १६६० मध्ये ‘स्गानारेल’ ही एकांकी लिहिली. बेशुद्ध पडणारी प्रेयसी, तिला सावरणारा परपुरुष, खिडकीतून पाहणारी बायको आणि जमिनीवर पडलेली तसबीर हे सगळे तिथे आहे. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने १७६१ मध्ये त्यावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक बेतले आणि ते लंडनच्या ड्ररी लेनला झाले. त्यातले सर जॉन आणि लेडी रेस्टलेस म्हणजे आपले फाल्गुनराव आणि कृत्तिका, बेव्हर्ली म्हणजे अश्विनशेट, बेलिंडा म्हणजे रेवती. देवलांनी १८९३ मध्ये त्याचे गद्य रूपांतर केले, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. त्यात पुढे पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध झाले. १४ जून १९१६ रोजी देवल गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

रूपांतराची चर्चा करताना प्रसंग कसे मराठमोळे झाले, बोलणे कसे अस्सल उतरले, यावर आपण पुष्कळ लिहितो. त्यापेक्षा मोठा बदल एका पात्रात आहे. मोलिएरच्या नायिकेला बाप आहे आणि मर्फीच्या बेलिंडालाही बाप आहे. बाप मुलीचे लग्न दुसरीकडे ठरवू पाहतो आणि तिथून गुंता सुरू होतो. बेलिंडा कुलीन घरातली आहे. बेव्हर्लीने तिच्यावर कितीही आळ घेतला तरी ती बापाच्या घरी परत जाऊ शकते. आज ना उद्या दुसरे स्थळ येईल. देवलांनी या जागी मघा नायकिणीच्या घरात वाढलेली मुलगी आणून बसवली. वाटेतला अडथळा आता बापाच्या हट्टाचा उरला नाही, तो तिच्या जन्माशीच येऊन भिडला. मर्फीच्या नाटकात याची गरज नव्हती आणि विनोदासाठीही नव्हती. तसबिरीचा घोटाळा कुठल्याही सावकाराच्या मुलीवर तितकाच हसवून गेला असता.

मग रेवती आली कुठून? माझ्या मते ती बेलिंडाच्या वंशातली नाहीच. ती ‘मृच्छकटिका’तल्या वसंतसेनेची धाकटी बहीण आहे. शूद्रकाचे हे नाटक देवलांनी ‘फाल्गुनराव’च्या काही वर्षे आधी मराठी संगीत रंगभूमीवर आणले होते. तिथली गणिका चारुदत्तावर प्रेम करते आणि शेवटी नव्या राजाच्या आज्ञेने तिला ‘वधू’ हे पद मिळते. देवलांनी या स्त्रीचे संवाद लिहिले, पदे लिहिली, तालमी घेतल्या. मर्फीचे नाटक हाती आले तेव्हा त्यातल्या नायिकेच्या जागी त्यांना ही ओळखीची बाई दिसली असणार. याला कागदोपत्री पुरावा मी देऊ शकत नाही, पण दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वेगळा पुरावा लागू नये. फरक एवढाच, की वसंतसेनेला सून करून घ्यायला राजाज्ञा आहे. रेवतीजवळ अश्विनशेटच्या शब्दापलीकडे काहीही नाही.

काळही पाहावा. १८९३ मध्येच मद्रासकडच्या समाजसुधारकांनी नाच-गाण्याच्या बैठकांविरुद्ध व्हाइसरॉयपर्यंत अर्ज नेला होता. त्या चळवळीचा रोख अशा बायकांना चारचौघांच्या समारंभांतून दूर ठेवण्यावर होता. त्यांतल्या एखादीला लग्न करायचे असेल तर काय, हा प्रश्न त्या अर्जांच्या भाषेत फारसा उमटत नाही. देवलांनी तोच प्रश्न एका प्रहसनाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर व्याख्यान दिले नाही. ‘शारदा’त त्यांनी जरठ-कुमारी विवाहावर उघड आघात केला. इथे हसता हसता काम केले, म्हणून ते कमी लेखले गेले.

कोरेगाव भीमा येथे आम्ही काही जण अधूनमधून जमून जुनी नाटके मोठ्याने वाचतो. नगर रस्त्यावरच्या कारखान्यांत पाळीला जाणारी मुले असतात, दोन-तीन शिक्षक असतात, कधी घरातल्या वडीलधाऱ्या बायका येऊन बसतात. ‘संशयकल्लोळ’ वाचताना फाल्गुनरावांच्या प्रत्येक वाक्याला हशा होता. अश्विनशेट रेवतीवर उलटतो तिथे मात्र एक म्हातारी मध्येच बोलली, “त्या किर्तिकेचं काय जातंय? ती नांदती हाय. हिचं मातर समदंच जाईल.” आमचा हा भाग जत्रेच्या तमाशाचा. नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन गावोगावचे लोक सुपारी देतात, आणि फडातल्या बाईला कुणी ‘घरात घेतली’ व कुणी नुसतीच ‘ठेवली’ यातला फरक इथल्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. ‘नांदती’ या एका शब्दात तिने जे सांगितले, ते मला अनेक वर्षे नीट मांडता येत नव्हते.

कृत्तिका नांदती आहे. फाल्गुनराव तिच्यावर कितीही ओरडले, पाळत ठेवली, पुरावे गोळा केले, तरी संध्याकाळी दोघे एकाच छपराखाली असणार. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. म्हणजे नाटक लिहिले गेले तेव्हा हे लग्न मोडण्याची सोयच नव्हती. ही तिची कैद आहे आणि तोच तिचा आधारही आहे. हे जोडपे भांडणाची चैन करू शकते. यातला काळा भाग मी नाकारत नाही. ज्या घरात नवरा सतत झडती घेतो त्या घरात राहणे काय असते, हे विनोदाच्या धुरात दिसेनासे होते. तरी नाटकापुरते पाहता त्यांचा संशय म्हणजे त्यांच्या संसाराची बोली आहे. तो संपला तर ही दोघे एकमेकांशी काय बोलतील, अशी मला शंका येते.

कृत्तिकेविषयी एक तक्रार नोंदवतो. बहुतेक प्रयोगांत तिला नवऱ्याची स्त्री-आवृत्ती म्हणून उभी करतात, तेच हातवारे, तीच किंचाळी. वास्तविक तिच्या संशयाला पाया आहे. परकी तरुण स्त्री नवऱ्याच्या बाहूंत तिने प्रत्यक्ष पाहिली आहे. फाल्गुनरावांनी पाहिले ते एक चित्र, आणि ते निरखणारी बायको. ती डोळ्यांनी पाहिलेल्यावरून चुकते, ते मनात आधीच ठरवलेल्यावरून. अभिनयात हा फरक दाखवला तर दोघांचे भांडण अधिकच हसवील.

फाल्गुनरावांना मत्सरी म्हणतात, पण मला ते मत्सरीपेक्षा तपासनीस वाटतात. पुरावा हाती लागला की ते दुःखी होत नाहीत, त्यांना हुरूप येतो. आपण बरोबर होतो याचा आनंद बायको गेल्याच्या दुःखावर मात करतो. भादव्यासारखा नोकर अशा घरात भरभराटीला येणारच, कारण मालकाला बातमी हवी असते आणि बातमीला भाव असतो.

इथे देवलांच्या दुसऱ्या एका नाटकाची आठवण ठेवायला हवी. ‘फाल्गुनराव’च्या तीनच वर्षे आधी, १८९० मध्ये, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केले होते. तिथे एक रुमाल परक्या हाती जातो आणि निरपराध बायकोचा जीव घेतो. ‘मृच्छकटिका’त वसंतसेनेचे अलंकार भर न्यायसभेत चुकीच्या माणसाजवळ सापडतात आणि चारुदत्त सुळाच्या वाटेला लागतो. अलंकार, रुमाल, तसबीर : अशा वस्तूंनी या नाटककाराचा बराच काळ पिच्छा पुरवलेला दिसतो. पहिल्या दोन नाटकांत खलपुरुष आहे, शकार आहे, इयागो आहे. ‘संशयकल्लोळा’त कुणीच नाही. तसबीर कुणी मुद्दाम टाकलेली नाही, कान कुणी भरलेले नाहीत. प्रत्येकाने आपला इयागो आपणच व्हायचे आहे. शोकांतिका टळते ती केवळ माणसे वेळेवर एकमेकांसमोर येऊन बोलतात म्हणून.

आता अश्विनशेट. या पात्राला आपण फार सवलत दिली आहे, आणि ती सवलत संगीताने मिळवून दिली. गाण्याचा मोठा वाटा त्याच्याकडे आणि रेवतीकडे आहे. गद्यात माणूस संशय घेतो तेव्हा प्रेक्षक त्याला हसतो. तोच माणूस पुढच्या प्रवेशात सुरेल गाऊ लागला की प्रेक्षक त्याच्या बाजूचा होतो. छोटा गंधर्वांच्या अश्विनशेटवर आमच्या आधीची पिढी जीव टाकत असे. अलीकडे राहुल देशपांडे यांच्या गाण्यासाठी आणि प्रशांत दामले यांच्या फाल्गुनरावांसाठी तरुण प्रेक्षक या नाटकाला गेले, हेही चांगलेच झाले. पण गाणे बाजूला ठेवून संहिता वाचा. हा प्रियकर तसबिरीची चौकशी करण्याआधी निकाल देतो. इतका झटपट का? फाल्गुनरावांचा स्वभावच तसा आहे. अश्विनशेटचा तसा नाही, इतर व्यवहारांत तो समंजस आहे. रेवतीच्या बाबतीत मात्र त्याला निकाल आयता मिळतो, कारण तिच्या घराण्याबद्दल समाजाने तो आधीच लिहून ठेवलेला आहे. प्रेमात असताना त्याने तो बाजूला सारला होता, राग येताच पुन्हा उचलला. या दृष्टीने तो फाल्गुनरावांहून अधिक दोषी ठरतो, आणि अधिक खराही वाटतो. असे उदार तरुण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

रेवतीचे गप्प राहणे आणि चिडणे यांचा अर्थ इथे लागतो. ती खुलासा का करीत नाही, असे नवखा वाचक विचारतो. तसबीर हरवली एवढे एक वाक्य पुरे होते. परंतु ज्या बाईला जन्मभर आपल्या चालीचा दाखला देत राहावे लागणार आहे, तिने लग्नाआधीच पहिला दाखला दिला तर पुढे तिला रोज द्यावा लागेल. तिचा मान नेमका याच ठिकाणी आहे. तीही अश्विनशेटवर संशय घेते, पण त्याच्यावर सोडून इतर कुणावर तिचा हक्क नाही, म्हणून तिचा संशय भीतीच्या जवळचा आहे.

नावांविषयी थोडे विषयांतर. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्याची गंमत सर्वांच्या लक्षात येते. पंचांग उघडल्यावर ती आणखी मजेदार होते. महिन्याचे नाव पौर्णिमेच्या नक्षत्रावरून पडते. आश्विनातली पौर्णिमा रेवती, अश्विनी किंवा भरणी या नक्षत्रांवर येऊ शकते, म्हणजे अश्विनशेट आणि रेवती यांचे आकाशातही जुळते. कृत्तिका ही कार्तिकाची. फाल्गुनाची पौर्णिमा तिच्या वाट्याला कधीच येत नाही. देवलांनी हे योजून केले की सहज झाले, यावर मी पैज लावणार नाही. पण ज्या काळात पंचांग घरोघरी वाचले जाई त्या काळातल्या एखाद्या रसिकाला हे चटकन उमगले असेल.

१९१६ च्या प्रयोगात फाल्गुनराव गणपतराव बोडसांनी गाजवले आणि रेवती बालगंधर्वांनी केली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतला खानदानी डौल महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याने रेवतीचे एक नुकसान झाले असे मला वाटते. ती पहिल्या प्रवेशापासूनच इतकी घरंदाज दिसू लागली, की तिला घरंदाज होण्यासाठी काही पणाला लावावे लागते आहे हे जाणवेनासे झाले. शिवाय ज्या घरांतून रेवती येते त्या घरांतल्या मुलींना या मंडळीच्या रंगमंचावर तेव्हा जागा नव्हती. गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या त्या १९३८ मध्ये, बावीस वर्षांनी.

पूर्वी रात्रभर चालणारे संगीत नाटक आज तीन तासांत बसवावे लागते. काटछाट होणारच, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. परंतु मी पाहिलेल्या प्रयोगांत कात्री लागते ती बहुधा अश्विनशेट-रेवतीच्या गद्य भांडणाला. पदे राहतात, फाल्गुनरावांचे हशे राहतात. पुढे कुणी हे नाटक नव्याने बसवणार असेल तर त्याने एकदा उलट करून पाहावे : एखादे पद कमी करावे आणि ते भांडण पुरते होऊ द्यावे, रेवतीला रंगमंचाच्या मधोमध उभी करून, वाद्ये थांबवून.