‘अरुंद दरवाजा’ आणि ‘देवाचा दरबार’ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील तारणविचाराची समीक्षा

प्रस्तावना :

तारण ही ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती संकल्पना होय. तारण कोणाचे होते आणि किती जणांचे होते, हा प्रश्न या विचाराइतकाच जुना आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात जीवनाकडे नेणारा दरवाजा अरुंद असून तो सापडणारे थोडेच आहेत, असे ख्रिस्त सांगतो. संत ऑगस्टीनपासून सोळाव्या शतकातील कॅल्व्हिनपर्यंत पाश्चात्त्य परंपरेतील एका प्रभावी प्रवाहाने या ‘थोड्यां’चा संबंध ईश्वराने केलेल्या निवडीशी जोडला. हे वचन मराठीत आले तेव्हा त्याला येथील जातिव्यवस्थेचा आणि भक्तिपरंपरेचा संदर्भ मिळाला. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनात व लेखनात या ‘थोडे’ शब्दाचा आशय कसा पालटत गेला, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. टिळकांनी अरुंद दरवाजा रुंद केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अपुरे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

‘तारण’ या शब्दाची अर्थच्छटा :

मराठी बायबलने ‘मोक्ष’ या रूढ शब्दाऐवजी ‘तारण’ हा शब्द प्रामुख्याने स्वीकारला. मराठी कानाला या शब्दात दोन अर्थ ऐकू येतात. एक, तारून नेणे. भवसागर, नाव आणि नावाडी ही संतसाहित्यातील परिचित प्रतिमासृष्टी त्यामागे उभी राहते. दुसरा अर्थ व्यवहारातला, कर्जासाठी ठेवलेले तारण. ख्रिस्ताने मनुष्याच्या पापाची किंमत चुकविली, या सिद्धान्ताला हा दुसरा अर्थ अनायासे पूरक ठरतो. पहिल्या अर्थाने मात्र एक ताण निर्माण होतो. नावेत अनेकांना एकत्र बसता येते; अरुंद दरवाजातून एकेकानेच जावे लागते. मराठी ख्रिस्ती साहित्यातील तारणविचार या दोन प्रतिमांच्या ताणातून घडला आहे.

‘थोडे’ ही कल्पना मराठी वाचकाला परकी नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागते. हजारो मनुष्यांत एखादाच सिद्धीसाठी यत्न करतो, हा भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायातील विचार ‘ज्ञानेश्वरी’मुळे मराठीत रुजलेला होता. परंतु तेथील विरळा साधक आपल्या समाजातच राहू शकत होता. बाप्तिस्मा घेणाऱ्यास ते शक्य नव्हते.

एकाकीपण : पहिल्या पिढीचा अनुभव :

1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहण्यास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणातून एक बाब स्पष्ट होते. ख्रिस्ती मंडळीत जाण्याचा दरवाजा अरुंद होता, तसा जातीत परतण्याचा दरवाजाही अरुंदच होता. दोन दरवाजांच्या मध्ये उभा राहिलेला हा मुलगा कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा ‘थोडे’ या शब्दाची सामाजिक किंमत अधिक स्पष्टपणे सांगतो.

बाबा पदमनजी (1831–1906) यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रात मूळ धर्मावरील श्रद्धा ढळणे, नव्या धर्माविषयी खात्री पटणे आणि तरीही घर सोडण्याचे धैर्य न होणे, या अवस्थांचे तपशीलवार चित्रण आढळते. येथे दरवाजा अरुंद आहे तो आप्तस्वकीयांना सोबत घेऊन त्यातून जाता येत नाही म्हणून. ‘थोडे’ म्हणजे येथे एकाकी.

अंतरीची खात्री : पंडिता रमाबाई :

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्यांनी अँग्लिकन भगिनींशी सिद्धान्तांविषयी वाद केला आणि चर्चच्या अधिकारापेक्षा स्वतःच्या विवेकाला प्रमाण मानले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची जाणीव त्यांना 1891 च्या सुमारास झाली. म्हणजे बाप्तिस्मा झालेले सर्व जण त्या ‘थोड्यां’त मोडतातच असे नाही, हा निष्कर्ष त्यांनी प्रथम स्वतःला लागू केला. शब्द संख्येकडून अंतःकरणाकडे वळला.

मात्र रमाबाईंच्या बाबतीत अंतर्मुखता कृतीपासून अलग झाली नाही. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. केडगावच्या संस्थेच्या ‘मुक्ती’ या नावात आत्मिक तारण आणि उपासमार, अत्याचार व वैधव्याच्या जाचातून सुटका हे दोन्ही अर्थ एकवटले. दरवाजाविषयी कठोर मत बाळगणाऱ्या या विदुषीने संस्थेचे दार मात्र सताड उघडे ठेवले, हा विरोधाभास अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा.

टिळकांची मांडणी :

ना. वा. टिळक (1861–1919) यांचे ख्रिस्ताकडे वळणे ग्रंथातून घडले. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात मिळालेल्या ‘नव्या करारा’तील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अरुंद दरवाजाचे वचन याच प्रवचनात आहे, ही बाब समीक्षकांकडून सहसा दुर्लक्षिली जाते. प्रवचनाचा शेवट नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने आणि ऐकून तसे आचरण करणाऱ्याच्या, खडकावर बांधलेल्या घराच्या दृष्टान्ताने होतो. संदर्भासह वाचले असता अरुंदपणा आचरणाच्या कठीणतेचा आहे, असे दिसते.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनातील सोवळ्याओवळ्याचे बंध कसे हळूहळू सैल झाले, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी निर्व्याज विनोदाने सांगितले आहे. सिद्धान्ताच्या काटेकोर भाषेत ही स्त्री त्या पाच वर्षांत दरवाजाबाहेर होती. ‘स्मृतिचित्रे’चा वाचक मात्र तिला बाहेरची म्हणण्यास धजत नाही. साहित्यकृती येथे सिद्धान्ताला प्रश्न विचारते.

1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. भक्तिपरंपरेच्या प्रभावामुळे टिळकांनी तारणाची अट शिथिल केली, असा याचा अर्थ लावला जातो. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका त्यासाठी पुरावा म्हणून सांगितली जाते. परंतु वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने राहणाऱ्या मनुष्याने अट शिथिल केली असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे? टिळकांनी अरुंदपणाची जागा बदलली. तो सभासदत्वाकडून शिष्यत्वाकडे नेला. दरबारात प्रवेश सर्वांना. पण दरबारी म्हणून जगणे कठीण.

या भूमिकेस शास्त्राधारही आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, तारण होणारे थोडेच आहेत काय, असा प्रश्न एक जण विचारतो. ख्रिस्त संख्या सांगत नाही. प्रश्नकर्त्यालाच झटण्यास सांगतो आणि त्याच ओघात चारही दिशांनी लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीस बसतील, असे म्हणतो. दरवाजा आणि दरबार एकाच उत्तरात आहेत. स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानापासून अनभिज्ञ राहिलेल्यांनाही तारण मिळू शकते, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले. टिळकांचा प्रश्न याहून भिन्न होता. तो ख्रिस्ताला जाणूनही उंबरठ्यावर थांबलेल्यांचा होता आणि तो येथील जातिव्यवस्थेतून निर्माण झाला होता.

या प्रयोगाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. एका कवीच्या व्यक्तिमत्त्वावर तो अधिक अवलंबून होता.

मराठवाड्याच्या संदर्भात :

नारायण शेषाद्री पुढे जालना परिसरात कार्यरत झाले आणि तेथे त्यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. मांग समाजातील अनेक कुटुंबे या कार्यामुळे ख्रिस्ती झाली. मुंबईत एकट्याने दरवाजा ओलांडणारा हा मनुष्य येथे समूहासाठी गाव वसवितो, हे लक्षणीय आहे. या समूहाचा तारणविषयक अनुभव मराठी समीक्षेत जवळजवळ अनुपस्थित आहे. आपल्या अभ्यासक्रमांतून ख्रिस्ती साहित्य म्हणून प्रामुख्याने ग्रंथ लिहिणारे मोजके धर्मांतरितच शिकविले जातात. ‘थोडे’ निवडण्याचा दोष केवळ धर्मशास्त्राकडेच नाही. वाङ्मयेतिहासही तेच करीत आला आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची पदे गाणाऱ्या मंडळ्यांत ‘तारण’ या शब्दाला कोणता अर्थ प्राप्त झाला, याचा शोध छत्रपती संभाजीनगर व जालना परिसरातील अभ्यासकांनी क्षेत्रीय पाहणीतून घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

1. मराठी ख्रिस्ती साहित्यात ‘थोडे’ हा शब्द सामाजिक एकाकीपण, अंतरीची खात्री आणि शिष्यत्वाची कठीणता अशा तीन अर्थांनी विकसित झाला.

2. टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’त अरुंद दरवाजा नाकारलेला नाही, त्याचा संबंध संस्थेऐवजी आचरणाशी जोडला आहे.

3. कितींचे तारण होईल, हा प्रश्न मराठी लेखकांनी संख्येचा राहू दिला नाही. आपण स्वतः काय सोडण्यास तयार आहोत, असा तो त्यांनी स्वतःकडे वळविला. मराठी तारणविचाराचे हेच महत्त्वाचे योगदान होय.

4. ग्रंथ न लिहिलेल्या ग्रामीण ख्रिस्ती समूहांच्या गीत-कीर्तनपरंपरेचा अभ्यास झाल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होणार नाही.