सुप्त प्रतिमा

एखादें साधन मागें पडलें म्हणजे तें नाहींसेंच होतें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन झरणी आली, आणि मागल्याची कोणी फारशी आठवणहि ठेविली नाहीं. या न्यायानें पाहिलें तर फिल्मवर छायाचित्रें घेण्याचा प्रघात एव्हांना लोपून जावयास हवा होता. तशीं चिन्हेंहि दिसूं लागलीं होतीं. पोलरॉइडनें २००८ सालीं आपली तत्काळ चित्र देणारी फिल्म बंद करण्याचें जाहीर केलें. कोडॅकनें २००९ सालीं कोडाक्रोम ही नामांकित रंगीत फिल्म बनविणें थांबविलें. आणि ती धुऊन देणारी जगांतील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेंत कॅन्सस प्रांतीं पार्सन्स या गांवीं होती, तिनेंहि २०१० च्या अखेरीस नवीं रिळें स्वीकारण्याचें नाकारलें. जानेवारी २०१२ मध्यें तर खुद्द कोडॅक कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. याच कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें फिल्मवांचून चित्र टिपणारा कॅमेरा तयार केला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भस्मासुराच्या कथेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आणि तरीहि फिल्म मेली नाहीं. २०२३ सालीं क्रिस्टोफर नोलन यांचा ‘ओपेनहायमर’ हा चित्रपट फिल्मवर घेतला गेला, व त्यांतील कृष्णधवल भागासाठीं ६५ मिलिमीटर रुंदीची फिल्म कोडॅकला मुद्दाम तयार करावी लागली. २०२४ सालीं रिको कंपनीनें पेंटॅक्स या नांवाखालीं फिल्मचा नवाकोरा कॅमेरा बाजारांत आणला. खिशांतल्या दूरध्वनीच्या यंत्रांत जें काम फुकट होतें, त्यासाठीं रीळ विकत घेणें, तें धुवावयास देणें, व निकालाची वाट पाहत बसणें हा खटाटोप तरुण मंडळीहि आपण होऊन पत्करीत आहेत. ही केवळ टूम म्हणावी, कीं तिच्या मुळाशीं कांहीं सत्य आहे? या प्रश्नाचा विचार आम्हांला करावयाचा आहे.

फिल्मचे अभिमानी तिच्या कैवारासाठीं बहुधा तीन कारणें पुढें करतात. पहिलें कारण सत्याचें. फिल्म खोटें बोलत नाहीं, असें ते सांगतात. परंतु छायाचित्रकलेचा इतिहास या म्हणण्यास दुजोरा देत नाहीं. १८५७ सालींच ऑस्कर रेयलँडर यानें इंग्लंडांत तिसांहून अधिक निगेटिव्ह एकत्र जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या नांवाचें एक भव्य चित्र सिद्ध केलें होतें. त्यांतील प्रसंग त्या रूपांत कधींहि घडला नव्हता. आपल्याकडील स्टुडिओंतहि वधूचा वर्ण उजळविणें व वृद्धांच्या सुरकुत्या पुसणें हीं कामें पेन्सिलीनें आणि कुंचल्यानें राजरोस चालत. असत्य बोलण्याचें कसब डिजिटल यंत्रानें सोपें केलें, इतकेंच म्हणतां येईल.

दुसरें कारण चिरंजीवित्वाचें. तेंहि तपासून पाहिलें पाहिजे. जुनी नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही होती. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास आग लागली, आणि आपल्या चित्रपटांच्या बाल्यावस्थेंतील कितीएक रिळें भस्मसात् झालीं, हें महाराष्ट्रास विसरतां येणार नाहीं. पुढची ॲसिटेटची फिल्म कुजूं लागली म्हणजे तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. रंगीत निगेटिव्हचे रंग विटतात. आणि कोंकणच्या दमट हवेंत बुरशी तर सर्वांनाच समदृष्टीनें वागविते. फिल्म नीट जपली तर टिकते. पण नीट जपलें तर काय टिकत नाहीं?

तिसरें कारण सौंदर्याचें, आणि त्यांत मात्र तथ्य आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे लहानमोठे कण अस्ताव्यस्त विखुरलेले असतात. डिजिटल यंत्रांत प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी शिपायांसारख्या रांगेंत उभ्या असतात. त्यामुळें फिल्मच्या चित्रास एक प्रकारचें सजीव खडबडीत पोत येतें. शिवाय प्रकाश अति झाला तरी निगेटिव्ह एकाएकीं हार खात नाहीं. शुभ्रतेंतले बारकावे ती हळूहळू सोडते, तर डिजिटल यंत्र एका मर्यादेनंतर ते एकदम टाकून देतें. हें सारें खरें असलें तरी एक अडचण उरते. हा कणांचा पोत आणि हे मवाळ रंग यांची नक्कल आज संगणकावर इतकी हुबेहूब होते कीं, जाणत्यांचीहि फसगत व्हावी. रूपाचीच काय ती भूल असती तर नकलेनें ती भागली असती. पण ती भागत नाहीं. अर्थात् खरें आकर्षण दिसणाऱ्या चित्रापलीकडे कोठेंतरी असलें पाहिजे.

आमच्या मतें तें न दिसणाऱ्या चित्रांत आहे. फिल्मवर प्रकाश पडला म्हणजे तेथें चित्र उमटतें, पण तें कोणत्याहि डोळ्यास दिसत नाहीं. क्षाराच्या एकेका कणावर चांदीचे अवघे कांहीं अणु गोळा झालेले असतात. बाकीचा कण जसाच्या तसा. पुढें अंधारखोलींत रसायनाचा स्पर्श झाला म्हणजे त्या खुणेचा आधार घेऊन सबंध कणाची चांदी होते, आणि मूळचा अगोचर ठसा कोट्यवधि पटींनीं वाढून दृष्टीस पडतो. या अवस्थेस शास्त्रज्ञ सुप्त प्रतिमा म्हणतात. इंग्लंडांत टॉल्बट यास १८४० सालीं कागदावर तिचा प्रत्यय आला, आणि तेव्हांपासून छायाचित्र घेणें व छायाचित्र पाहणें या दोन क्रिया एकमेकींपासून अलग झाल्या. डिजिटल यंत्रानें त्या पुन्हा एकत्र आणल्या, आणि त्यांच्या जोडीस तिसरीहि आणून बसविली. ती म्हणजे निवाडा. घेतलें, पाहिलें, नावडलें, पुसलें! हें सर्व एका श्वासांत आटोपतें. फिल्मवर हा निवाडा लांबणीवर पडतो, आणि तिची खरी मोहिनी या विलंबांतच आहे, असें आम्हांला वाटतें.

उदाहरणार्थ, ॲन्सेल ॲडम्स यांचें ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हें जगप्रसिद्ध चित्र घ्या. १९४१ च्या शरदांत न्यू मेक्सिको प्रांतांतून सांता फे शहराकडे परत जातांना त्यांना रस्त्याकडेला हर्नांडेझ हें खेडें दिसलें. मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप तेथील दफनभूमींतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडली होती, आणि वर चंद्र उगवला होता. त्यांनीं घाईघाईनें आठ इंच रुंद व दहा इंच लांब फिल्म घेणारा आपला अवजड कॅमेरा उभा केला. पण प्रकाश मोजण्याचें यंत्र कांहीं केल्या सांपडेना. चंद्राची तेजस्विता किती, हें त्यांना पाठ होतें. त्यावरून मनांतल्या मनांत हिशेब करून त्यांनीं एक चित्र घेतलें. खबरदारी म्हणून दुसरें घ्यावें अशा विचारानें फिल्मची चौकट उलटी करीत आहेत तोंच क्रुसांवरचें ऊन निघून गेलें. हातीं एकच चित्र होतें, आणि तें साधलें कीं फसलें हें जाणण्याचा त्या क्षणीं कांहींच उपाय नव्हता.

पुढील हकीकत याहूनहि मनोरंजक आहे. निगेटिव्हचा खालचा भाग फिका उतरला होता, म्हणून १९४८ सालीं ॲडम्स यांनीं तो रसायनानें गडद केला. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडें असून त्यांत ढगांच्या पुसट रेघा आहेत. जसजशीं वर्षें लोटलीं तसतसें त्यांनीं तें अधिकाधिक काळें केलें, आणि अखेरच्या प्रतींत चंद्र जणूं अथांग डोहावर तरंगतो. ॲडम्स हे तरुणपणीं पियानो शिकलेले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना व कागदावरील प्रत म्हणजे तिचें वादन, असें ते म्हणत. आपल्याकडे बंदिश आणि गायन यांचा दाखला देतां येईल. बंदिश तीच, पण पंचविशींतला गवई ती एका तऱ्हेनें मांडतो आणि साठीनंतर तोच ती निराळ्या तऱ्हेनें आळवितो. रसिकांचा ओढा उत्तरकाळच्या काळ्याभोर प्रतींकडे आहे. आम्हांला मात्र पहिल्या प्रती अधिक भावतात. नंतरच्या प्रतींत भव्यता आली खरी, पण त्या ढगांच्या रेघांबरोबर एका विशिष्ट सायंकाळचें ओलसर वास्तव मावळलें. अशी निवड करण्याची सोय वाचकास राहिली, ती निगेटिव्हनें शेवटचा शब्द कोणासच बोलूं दिला नाहीं म्हणून. ॲडम्स यांना या चित्राची तारीखहि नीट आठवत नसे. पुढें खगोलशास्त्रज्ञांनीं चित्रांतल्या चंद्राच्या स्थानावरून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख गणितानें काढली. कर्ता विसरला, पण कृतीस स्मरण होतें.

हा विलंब केवढा लांबूं शकतो, याचें एक करुण उदाहरण स्वीडनच्या इतिहासांत आहे. जुलै १८९७ मध्यें आंद्रे, स्ट्रिंडबर्ग व फ्रेंकेल हे तिघे विमानपुटांतून, म्हणजे वायूच्या फुग्यांतून, उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांच्या आंतच तो बर्फावर उतरला. तिघे पायीं चालत राहिले आणि क्विटोया नामक निर्जन बेटावर मरण पावले. १९३० सालीं त्यांचे अवशेष सांपडले, त्यांत स्ट्रिंडबर्गनें घेतलेलीं चित्रेंहि होतीं. स्टॉकहोम येथें जॉन हर्ट्झबर्ग यानें तीं अत्यंत काळजीपूर्वक धुतलीं, आणि सुमारें २४० चित्रांपैकीं ९३ वांचलीं. त्यांतल्या एकांत बर्फावर आडवा कोसळलेला फुगा आहे व त्याच्याकडे पाहत उभे असलेले दोन इसम आहेत. ज्यानें तें चित्र घेतलें, त्यानें तें कधींच पाहिलें नाहीं. तेहतीस वर्षें बर्फांत पडून राहिलेला प्रकाशाचा तो ठसा दुसऱ्याच पिढीच्या डोळ्यांसमोर जागा झाला.

इतकें लिहिल्यावर फिल्मची आरती ओवाळून लेख संपविणें सोपें होतें. पण तसें करणें अप्रामाणिकपणाचें होईल. कारण ज्या टंचाईचे गोडवे आज गाइले जातात, तिचा दुसरा अर्थ आमच्या पिढीनें जवळून पाहिला आहे. आमच्या वडिलांचा कॅमेरा एका रिळांत बारा चित्रें घेई, आणि वर्षाकाठीं एखादें रीळ येई. बारा चित्रांत कोणास जागा द्यावयाची, याचा निर्णय कॅमेरा करीत नसे. घरची रीत करी. आमच्या घरीं एक आत्या होती. ती बालविधवा. सबंध घर तिच्या हातांवर चाले, पण मंगलकार्यांत पुढें येण्याची तिला मुभा नव्हती, आणि कॅमेरा बाहेर निघे तो मंगलकार्यांतच. ती वारली तेव्हां तिचें एकहि छायाचित्र घरांत नव्हतें. आज कोणाहि मोलकरणीच्या हातांतलें साधें यंत्र तिच्या मुलीचीं शेकडों चित्रें घेऊं शकतें. ही समता फिल्मनें आणली नव्हती, हें तिच्या अभिमान्यांनीं विसरूं नये.

आमच्या वडील बंधूंच्या मुंजीचें एक चित्र मात्र वर्षानुवर्षें दिवाणखान्यांत लागलेलें होतें. गेल्या वर्षीं आमच्या नातीनें, ती स्वतः फिल्मचा कॅमेरा बाळगते, निगेटिव्हचा जुना पत्र्याचा डबा काढला, आणि त्यांतली एक पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरून विचारलें, “आजोबा, ह्या दारांत कोण उभ्या आहेत?” निगेटिव्ह चौरस होती, चौकटींत बसावें म्हणून लांबट प्रत काढतांना तिच्या दोन्ही कडा गाळल्या गेल्या होत्या. त्या गाळलेल्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारांत, पदर डोक्यावरून घेतलेली आत्या उभी होती. एक हात चौकटीवर, आणि दृष्टि बटूकडे. वडिलांना ती भिंगांतून दिसली नसावी. दिसली असती तर त्यांनीं कॅमेरा थोडा वळविला असता, असें म्हणण्यास आमची जीभ कचरते, पण तें खरें आहे. प्रत काढणाऱ्यास तिचें प्रयोजन नव्हतें. दोघांच्या निवाड्यांतून ती निसटली, कारण निगेटिव्हवरून तिला पुसून टाकणें कोणाच्या हातीं नव्हतें.

फिल्मची योग्यता आम्हांला यापरतीं वाढवावयाची नाहीं. ती अधिक सत्य नाहीं, चिरंजीव नाहीं, उदार तर मुळींच नाहीं. पण आपल्या पसंतीनापसंतीस ती कांहीं काळ थोपवून धरते, आणि तेवढ्या अवधींत, आपण ज्याकडे पाहिलें नाहीं त्यास जगूं देते. ज्यांना फिल्म परवडत नाहीं त्यांनीं तिचा हा एक गुण तरी उचलावा. चित्र बिघडलें असें वाटतांच बोट पुसण्याकडे नेऊं नये. नातीनें ती संपूर्ण निगेटिव्ह आतां कडांसकट कागदावर उतरविली आहे. जुनी प्रत आम्हीं काढून ठेविली, आणि त्याच खिळ्यावर नवी लाविली.