सिंथेटिक की साधं: तुलनेत बदललं काय?

खामगाव-नांदुरा पट्ट्यात कपाशी फवारायला पाठीवरचे पेट्रोल पंप वापरतात (गाडीत पेट्रोल भरतात तो पंप नव्हे!). त्यातले बरेच टू-स्ट्रोक. ‘सिंथेटिक ऑइल टाका, धूर कमी’ असं सांगताना कधीकधी अशी तुलना देतात: साधं ऑइल लिटरला 40 मिली, सिंथेटिक 20 मिली. अहो, ऑइलच निम्मं टाकल्यावर धूर कमी होणारच! इथे प्रकार आणि प्रमाण दोन्ही एकदम बदललंय. श्रेय कोणाला द्यायचं?

शिवाय धूर कमी करणारं पॉलिआयसोब्युटिन खनिज तेलातही मिसळतात. जपानी ‘जासो’ मानकातला एफसी किंवा एफडी दर्जा इंजिनावरच्या चाचण्यांतून ठरतो, डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ शब्दावरून नाही. कडाक्याच्या थंडीतही ऑइल पातळ राहणं हा सिंथेटिकचा मोठा फायदा. पण तो उणे 30 अंशांत स्नोमोबाईल चालवणाऱ्याला. ऑगस्टमधल्या नांदुऱ्यात त्याचे जादा पैसे कशाला?

म्हणून सिंथेटिक वाईट, असंही यातून निघत नाही. इंजिन पाठीवर, धूर नाकाशी. एफसी दर्जा मी तरी सोडणार नाही. तुलना करायचीच तर पंप तोच, दर्जा तोच आणि प्रमाण पंपाच्या पुस्तिकेतलं. ऑइल वाचवायला गेलात, तर ऐन फवारणीत पिस्टन जाम होईल.